अश्वगंधेला पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं: वयानुसार ताणाचं व्यवस्थापन

"औषधी वनस्पतीला ताण द्या, गुण वाढतो" हे वाक्य शिवारात इतकं पसरलं आहे की काही जण अश्वगंधा पेरून थेट काढणीलाच शेताकडे जातात. वाक्य निम्मं खरं आहे. ताण कोणत्या वयात बसला, यावर पुढचं सगळं ठरतं. वीस दिवसांच्या रोपाला आठ दिवसांचा कोरडा खंड मारून टाकतो. नव्वद दिवसांच्या झाडाचं मूळ तोच खंड बारीक ठेवतो. दीडशे दिवसांच्या झाडाला मात्र तो हवाच असतो, नाहीतर पीक वेळेवर पक्व होत नाही. म्हणून पाण्याचं वेळापत्रक वारावर किंवा पंधरवड्यावर न बांधता झाडाच्या वयावर बांधायला हवं.

इथे मुख्य पीक अश्वगंधा धरलं आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या होते, नीमचची मंडी तिच्या मुळांसाठी देशभर ओळखली जाते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या हलक्या जमिनीतही ती चांगली येते. शेवटी तुळस, शतावरी, सफेद मुसळी आणि कोरफड यांचं वेगळेपण थोडक्यात दिलं आहे, कारण अश्वगंधेचा नियम मुसळीला लावला तर कंद सडतात.

झाडाच्या आत काय घडतं

माती सुकू लागली की ते आधी मुळांना कळतं. मुळांकडून अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पानांकडे जातं आणि पानांवरची रंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणून अन्न कमी तयार होतं. ऊन मात्र पडतच असतं. वापरात न आलेल्या उजेडातून पानात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि ती पेशींची आवरणं जाळतात. त्यांना आवरण्यासाठी झाड प्रोलिन, निरनिराळ्या शर्करा, फिनॉल आणि टर्पिन गटातली द्रव्यं बनवतं. औषधी गुण म्हणून आपण ज्यांना किंमत देतो, त्यातली बरीच द्रव्यं याच गडबडीत वाढतात. अश्वगंधेतले विथॅनोलाइड्सही अशाच दुय्यम द्रव्यांत मोडतात.

वयाचा संबंध इथून सुरू होतो. कोवळ्या रोपाकडे साठाच नसतो. मूळ पाच-सात सेंटिमीटर खोल, पानं दोन-चार, म्हणजे द्रव्यं बनवायला लागणारी साखर आणायची कुठून? मधल्या वयाचं झाड सर्वांत चिवट. त्याचं मूळ खाली धावू शकतं, नवी पानं लहान आणि जाड काढू शकतं, पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत सावरतं. फळं धरल्यानंतर अन्नाचा ओघ फळांकडे आणि मुळांकडे वाटला जातो, तेव्हा ताण बसला तर वाटणीत बहुधा मूळ मागे पडतं. म्हाताऱ्या झाडाच्या जुन्या मुळांवर बुचासारखा थर चढलेला असतो, पाणी शोषणारे केसमुळं कमी झालेले असतात आणि खालची पानं स्वतःचा बचाव करण्याच्या अवस्थेत नसतात. ताण बसताच झाड ती पानं सोडून देतं आणि त्यातला नत्र आणि इतर अन्न वर किंवा बियांकडे ओढून घेतं.

ही पानगळ म्हणजे नेहमी नुकसान नव्हे. बार्सिलोना विद्यापीठातल्या सर्जी मुन्ने-बॉश आणि लिओनोर आलेग्रे यांनी भूमध्य सागरी प्रदेशातल्या सेजसारख्या औषधी झुडपांवर काम करून 2004 मध्ये हाच मुद्दा मांडला: कोरड्या काळात जुनी पानं मरू देणं हा झाडाच्या जगण्याचाच भाग असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. खालची पानं पिवळी दिसली की लगेच पाणी सोडायचं नाही, आधी झाडाचं वय विचारायचं.

टक्केवारी आणि एकूण माल

ताणाने द्रव्याची टक्केवारी वाढते, वजन घटतं. हिशेब दोन्हींचा गुणाकार करून बघावा लागतो. समजा एका हेक्टरात 500 किलो सुकी मुळं निघाली आणि त्यात विथॅनोलाइड्स 0.4 टक्के आहेत, तर एकूण 2 किलो द्रव्य झालं. कडक ताण देऊन टक्केवारी 0.5 झाली पण मुळं 350 किलोवर आली, तर द्रव्य 1.75 किलो. टक्का वाढूनही हाती कमीच आलं. हे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत, पण गणित असंच चालतं. शिवाय मंडीत भाव लांबी, जाडी आणि आतल्या पांढरेपणावर ठरतो, प्रयोगशाळेच्या आकड्यावर क्वचित. कंपनीशी टक्क्यावर करार असेल तरच टक्क्याच्या मागे लागावं.

जमीन आणि पेरणी

निचरा होणारी हलकी ते मध्यम, वाळूमिश्रित किंवा तांबडी जमीन निवडा. सामू 7.5 ते 8 असला तरी चालतो. भारी काळ्या जमिनीत दोन अडचणी येतात. पावसात मुळाभोवती पाणी साचून मूळकूज होते, आणि पुढे जमीन सुकताना भेगा पडतात तेव्हा त्या बारीक मुळं तोडतात. मग ताण पाण्याचा आहे की तुटलेल्या मुळांचा, हेच कळेनासं होतं. काळ्या जमिनीशिवाय पर्याय नसेल तर रुंद वरंब्यावर लावा आणि कोळपणीने भेगा बुजवत राहा.

हलकी मुरमाड जमीन वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये पिकाला घेता येईल असं साधारण 25 ते 35 मिलिमीटर पाणी धरते, भारी काळी जमीन त्याच्या जवळपास दुप्पट. ऑक्टोबरच्या उन्हात वाढलेलं पीक दिवसाला 3 ते 4 मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे हलक्या रानात अर्धा साठा चार-पाच दिवसांत संपतो. शेजाऱ्याच्या काळ्या रानात वीस दिवस पाणी लागलं नाही म्हणून आपल्याही मुरमाडात लागणार नाही, हा तर्क इथेच फसतो.

पेरणी ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे मघा नक्षत्राच्या आगेमागे करा. जूनमध्ये पेरलं तर जुलै-ऑगस्टचा जोरदार पाऊस रोपांची मर करतो आणि पीक अवेळी म्हातारं होतं. जवाहर असगंध-20 आणि जवाहर असगंध-134 या मंदसौरच्या जाती, पोशिता ही लखनौच्या सीमॅप संस्थेची जात, यांपैकी खात्रीचं बी घ्या. फोकून पेरायचं असेल तर एकरी 4 ते 5 किलो बी लागतं. बी जुनं नको, कारण वर्षभरानंतर उगवण झपाट्याने पडते. थायरम हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति किलो चोळून, बारीक वाळूत मिसळून, 1 ते 2 सेंटिमीटर खोल पेरा. ओळीत पेरल्यास दोन ओळींत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. पुढे पाणी देणं आणि कोळपणं दोन्ही सोपं जातं, त्यामुळे फोकण्यापेक्षा ओळीच बऱ्या.

0 ते 30 दिवस: ताण अजिबात नको

उगवण सात ते दहा दिवसांत होते. या काळात वरची 5 सेंटिमीटर माती ओलसर राहिली पाहिजे. पावसाने पाच-सहा दिवस ओढ दिली तर तुषार सिंचनाने 8 ते 10 मिलिमीटर पाणी द्या. पाट सोडून मोकळं पाणी देऊ नका. बी वाहून एका कडेला जमतं आणि वर कडक पापडी धरते. पापडी धरलीच तर हलक्या दाताळ्याने मोडा.

ताणाइतकंच जास्तीचं पाणीही या वयात मारतं. रोप जमिनीलगत काळं पडून आडवं झालं तर ती मर आहे, तहान नव्हे. तिथे पाणी थांबवून निचऱ्याची चर काढा.

25 ते 30 दिवसांनी विरळणी करा आणि चौरस मीटरला 30 ते 60 रोपं ठेवा. हलक्या, कमी पाण्याच्या रानात आकडा 30 च्या जवळ असू द्या. विरळणीला लोक फक्त तणकाढणीबरोबरचं काम समजतात, पण पाण्याच्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं काम आहे. 80 रोपं ठेवलेल्या चौरस मीटरमध्ये डिसेंबरात कितीही पाणी दिलं तरी मुळं पेन्सिलीपेक्षा जाड होत नाहीत. उपटलेली रोपं विरळ जागी लावायची असतील तर ढगाळ दिवशी, संध्याकाळी लावा. सोटमूळ वाकलं तर पुढे फाटे फुटतात.

30 ते 75 दिवस: थोडी तहान लागू द्या

इथे हलका ताण उपयोगाचा आहे. वरचा थर कोरडा झाला आणि खाली ओल असली की सोटमूळ ओलीमागे सरळ खाली जातं. सतत वरून पाणी मिळालं तर मूळ आखूड राहून बाजूला फुटतं. याच काळात युरियाचा हात सैल सोडला तर शेंडा फोफावतो, पानं मोठी होतात, पाण्याची मागणी वाढते आणि पुढे थोडासा खंडही सोसवत नाही.

पाणी कधी द्यायचं हे हाताने ठरवा. 15 आणि 30 सेंटिमीटर खोलीवरची माती काढून मुठीत दाबा.

15 सेंटिमीटरवरची माती भुरभुरीत आणि 30 वरची लाडू बांधणारी: थांबा, हेच हवं आहे.

दोन्ही थरांचा लाडू होत नाही: 20 मिलिमीटर पाणी द्या.

दोन्ही थरांतली माती हाताला चिकटते: निचरा बघा, पाण्याचा विचारही नको.

ठिबक असेल तर मिनिटांचा हिशेब एकदाच मांडून ठेवा. दोन लॅटरलमध्ये (पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये) 1.2 मीटर, ड्रिपरमध्ये (नळीवरच्या ठिबकतोट्यांमध्ये) 40 सेंटिमीटर आणि ड्रिपर ताशी 4 लिटरचा असेल, तर तासाला साधारण 8.3 मिलिमीटर पाणी पडतं. 20 मिलिमीटरसाठी सुमारे 2 तास 25 मिनिटं. एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे जवळपास 4,000 लिटर, तेव्हा 20 मिलिमीटरला 80 हजार लिटर लागतात. टाकी किंवा शेततळं याच आकड्याने मोजा.

दोन कोळपण्या आणि एक खुरपणी याच काळात उरका. वरची माती मोकळी राहिली की खालची ओल टिकते.

75 ते 120 दिवस: पाणी राखून ठेवायचं ते याच दिवसांसाठी

नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. झाड फुलावर, हिरव्या फळांवर असतं आणि त्याच वेळी मुळात पिठूळ साठा भरतो. ज्यांच्याकडे फक्त दोन पाण्यांची सोय आहे, त्यांनी दोन्ही पाणी इथेच वापरावीत: पहिलं 75 ते 90 दिवसांच्या दरम्यान 25 मिलिमीटर आणि दुसरं 105 ते 115 दिवसांच्या आसपास तेवढंच. एकच पाणी असेल तर पहिलं द्या. परतीचा पाऊस चांगला झाला असेल आणि जमीन मध्यम असेल तर पहिलंही लागत नाही.

या वयात बसलेल्या ताणाची खूण म्हणजे पहाटेही पानं सैल असणं. दुपारी एक-दोन वाजता पानं मान टाकतात, त्याकडे दुर्लक्ष करा. सूर्य उगवायच्या आधी शेतात जाऊन बघा. रात्रभरात झाडाने स्वतःला भरून घेतलं नाही, तर जमिनीत घेण्यासारखं पाणी उरलेलं नाही. खंड लांबला की फुलं गळतात, फळं बारीक राहतात आणि मूळ लांब पण सुतळीसारखं निघतं. नंतर 130 व्या दिवशी भरपूर पाणी देऊन ही भर निघत नाही. इतक्या उशिरा दिलेलं पाणी शेंड्याला जातं.

120 दिवसांनंतर: पाणी तोडा

फळं पिवळसर-नारिंगी होऊ लागली की सिंचन बंद. आता जमीन हळूहळू सुकली पाहिजे. पानं खालून वर पिवळी पडतात, गळतात, फळांची टरफलं कागदासारखी होतात. हे वय आहे, दुष्काळ नव्हे. घाबरून पाणी दिलं तर बुडातून नवी हिरवी फूट येते आणि मुळात साठलेलं पीठ त्या फुटीवर खर्च होतं.

अडचण आणते ती मावठ. डिसेंबर-जानेवारीतला हलका शिडकावा, विशेषतः मूळ अजून भरत असेल तेव्हा, फायद्याचाच. मंदसौर भागात तर हिवाळ्यातले एक-दोन पाऊस या पिकाला हवेच असतात. पण पीक 140-150 दिवसांचं, जवळपास वाळलेलं असताना 25-30 मिलिमीटर पडला तर निर्णय लगेच घ्या. जमीन वाफशावर येताच, म्हणजे ओल असूनही माती चिकटेनाशी होताच, नवी फूट दिसायच्या आत काढणी सुरू करा. फूट आलीच असेल तर ती पिवळी पडेपर्यंत थांबा. अर्धवट हिरव्या फुटीवर काढलेली मुळं वजनाला भरतात, सुकल्यावर आकसतात आणि सुरकुततात.

तहान, म्हातारपण की रोग?

म्हातारपणाचा पिवळेपणा वर सांगितला. त्याखेरीज झाड बिघडलेलं दिसण्याची चार कारणं असतात. काढणीपूर्वी गोंधळ होतो तो इथेच, म्हणून वेगवेगळं ओळखायला हवं.

60-70 दिवसांत खालची पानं पिवळी, फळं नाहीत, माती कोरडी: तहान. पाणी दिल्यावर वरची पानं दोन दिवसांत ताठ होतात, खालची पिवळी परत हिरवी होत नाहीत. त्यांची वाट बघून दुसरं पाणी देऊ नका.

तेच वय, पण माती ओली आणि झाड कोमेजलेलं: एक झाड उपटा. मुळाची साल बोटांनी ओढताच सुटून आली आणि आत तपकिरी रंग दिसला तर मूळकूज. अशा झाडाला पाणी म्हणजे विष. बाधित झाडं काढून जाळा.

शेंड्याला बारीक पानांचा झुबका, फुलांच्या जागी हिरवी पानं: हा फायटोप्लाझ्माचा आजार आहे. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. झाड उपटून टाका.

पानं हिरवी पण जाळीदार खाल्लेली: हड्डा भुंगेरा. पानच उरलं नाही की ताण आणखी लवकर दिसतो, म्हणून आधी कीड आवरा.

पानातलं पाणी मोजायचं असेल तर

कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी, शेतकरी गट किंवा करार शेतीची कंपनी यांना नजरेपेक्षा नेमका आकडा हवा असतो. सापेक्ष जलांश, म्हणजे पाण्याने पूर्ण फुगलेल्या पानाच्या तुलनेत आत्ता पानात किती टक्के पाणी आहे, हे काढणं सोपं आहे. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि ओव्हन एवढं पुरे.

शेंड्याकडून तिसरं किंवा चौथं पूर्ण उमललेलं पान घ्या. प्रत्येक वेळी हाच क्रमांक ठेवा. खालचं जुनं पान घेतलं तर आकडा मुळातच कमी येतो आणि पानाचं वय हा ताण म्हणून नोंदला जातो. या प्रयोगातली सर्वांत नेहमीची चूक हीच. पाच-सहा झाडांची पानं बंद पिशवीत ठेवून लगेच ताजं वजन करा. मग ती डिस्टिल्ड पाण्यात चार तास, सावलीत, खोलीच्या तापमानाला ठेवा. टिपकागदाने वरचं पाणी हलकेच टिपून फुगलेलं वजन घ्या. शेवटी 70 अंश सेल्सिअसला 48 तास वाळवून सुकं वजन.

ताज्या वजनातून सुकं वजा करा. फुगलेल्या वजनातून सुकं वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा. ताजं 1.50, फुगलेलं 1.80, सुकं 0.30 ग्रॅम असेल तर 1.20 भागिले 1.50, म्हणजे 80 टक्के. पुरेसं पाणी असलेल्या झाडात 85 ते 95 येतात, 70 ते 80 हा मध्यम ताण, 60 च्या खाली गेलं की पेशींची इजा सुरू झालेली असते. 75 ते 120 दिवसांच्या पिकात सकाळचा आकडा 80 च्या खाली उतरू देऊ नका.

कुंडीत प्रयोग करणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. कुंडीतली माती वजनावर राखतात: 10 किलो कोरडी माती भरपूर भिजवून, तोंड झाकून, 24 तास निथळल्यावर 12.4 किलो भरली, तर तिची धारणक्षमता 2.4 किलो पाणी. 60 टक्के ठेवायची तर 1.44 किलो पाणी, म्हणजे मातीचं वजन 11.44 किलो, अधिक कुंडीचं वजन. महिनाभर हे ठीक चालतं. पण चार महिन्यांचं झाड स्वतःच पाव किलोचं झालं, तर काटा ते वजन पाणी म्हणून दाखवतो आणि आपण नकळत दर वेळी पाव किलो पाणी कमी देतो. म्हणजे जुन्या झाडाला ठरवल्यापेक्षा जास्त ताण बसतो, आणि निष्कर्ष निघतो की म्हातारं झाड ताण सोसत नाही. उपाय सोपा: सुरुवातीलाच काही जादा कुंड्या ठेवा, दर महिन्याला त्यातली दोन-तीन झाडं उपटून ओलं वजन करा आणि ते लक्ष्य वजनात मिळवा.

काढणी आणि सुकवणी

150 ते 180 दिवसांत, फळं लाल-नारिंगी आणि बरीच पानं वाळलेली असताना काढणी करा. जमीन दगडासारखी झाली असेल तर मूळ तुटून टोक आत राहतं. तेव्हा काढणीच्या दोन-तीन दिवस आधी हलकं 10-12 मिलिमीटर पाणी द्या आणि वाफसा येताच काढा. आधी पाणी तोडायचं आणि मग द्यायचं, हे विसंगत वाटेल. फरक दिवसांचा आहे: तीन दिवसांत फूट येत नाही, पंधरा दिवसांत येते.

खोड मुळाच्या वर 1-2 सेंटिमीटरवर कापा. मुळं धुऊन 7 ते 10 सेंटिमीटरचे तुकडे करा, पातळ थरात वाळवा आणि ओलावा 10-12 टक्क्यांवर आणा. मग काठीने हलकं बडवून माती आणि तंतुमुळं झाडा. प्रतवारीत पहिला दर्जा म्हणजे साधारण 7 सेंटिमीटर लांब, 1 ते 1.5 सेंटिमीटर जाड, आतून पांढरं आणि ठिसूळ. एकरी दीड ते अडीच क्विंटल सुकी मुळं हा कोरडवाहूतला वाजवी अंदाज.

वाळलेला तुकडा मोडून बघा. टचकन तुटून पांढरी पिठूळ कड दिसली तर वय आणि पाणी दोन्ही जमलं. वाकून दोरे सुटले तर मूळ निबर झालं आहे, काढणी उशिरा झाली. बारीक, कडक आणि पिवळसर असेल तर मधल्या टप्प्यात पाणी कमी पडलं. दर वर्षी प्रत्येक पट्ट्यातले वीस तुकडे मोडून नोंद ठेवली तर पुढच्या हंगामाचं पाणी त्यावरून ठरवता येतं.

दुसऱ्या पिकांचे नियम वेगळे

तुळशीत माल म्हणजे पानं आणि फुलोरा, आणि वय प्रत्येक कापणीला जणू नव्याने सुरू होतं. पहिली कापणी 90 ते 95 दिवसांनी, पूर्ण फुलोऱ्यावर, जमिनीपासून 15-20 सेंटिमीटर सोडून. कापणीआधी चार-पाच दिवस पाणी थांबवलं तर तेलाचा टक्का सुधारतो. पावसानंतर लगेच किंवा ढगाळ दिवशी कापू नये, तेल कमी निघतं. कापल्यावर मात्र ताण अजिबात नको. खालचं खोड लाकडासारखं झालेलं असतं, त्यातून फूट काढायला पाणी लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या कापणीनंतर तुळस बसली, अशी तक्रार असते, तिथे बहुधा कापणीनंतरचे पहिले आठ दिवस कोरडे गेलेले असतात.

शतावरीचं वय महिन्यांत नाही, वर्षांत मोजतात. लागवडीनंतरचा पहिला उन्हाळा जपायचा, हलक्या जमिनीत दहा-बारा दिवसांनी पाणी. एकदा मांसल मुळांचा झुपका बसला की झाड स्वतःच्या साठ्यावर जगतं. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्याला एक पाणी पुरतं. वरची हिरवाई पिवळी पडली तरी काळजी नको. ती पानं नसून पानासारख्या बारीक फांद्या आहेत आणि पावसाबरोबर परत येतात. 18 ते 24 महिन्यांनंतर काढणी करा.

सफेद मुसळीचा इथे सर्वांत मोठा फसवा मामला. जूनमध्ये लावलेल्या मुसळीची पानं सप्टेंबर-ऑक्टोबरात आपोआप वाळतात, भर पाण्यातसुद्धा. ती तहान नव्हे, विश्रांती आहे. या वेळी पाणी सुरू ठेवलं तर कंद कुजतात. पानं गेल्यावर कंद जमिनीतच राहू द्या, साल पांढुरकी सोडून गडद तपकिरी झाली की काढा.

कोरफड रात्री रंध्रं उघडते, म्हणून दिवसाचं ऊन तिला झेपतं. आईजवळून काढलेल्या पिलांना मात्र पहिले दोन महिने नियमित पाणी लागतं. मोठं झाड ताणात पानं आत वळवतं, लालसर होतं आणि गराचं वजन घटतं. गरासाठी पानं विकायची असतील तर कापणीच्या काही आठवडे आधी पाणी देऊन पान पुन्हा भरू द्या. कापल्यावर जखम सुकेपर्यंत तीन-चार दिवस पाणी देऊ नका, बुडातून सड लागते.

स्वतःच्या रानात पडताळा

एका एकरात तीन प्रकारचे पट्टे आखा: एकाला 75 ते 120 दिवसांत दोन पाणी, दुसऱ्याला एकच, तिसऱ्याला फक्त पाऊस. प्रत्येक प्रकार तीन ठिकाणी पुन्हा घ्या, नाहीतर उतारावरचा फरक पाण्याच्या नावावर खपेल. पट्ट्यांच्या कडेच्या दोन ओळी मोजणीतून वगळा, शेजारच्या पट्ट्याचं पाणी तिथपर्यंत झिरपतं. काढणीला प्रत्येक पट्ट्यातून एक चौरस मीटरच्या पाच जागा खणून सुकं वजन आणि पहिल्या दर्जाचा वाटा लिहा. प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर प्रत्येक पट्ट्यातली मुळं वेगळी ठेवून, त्या त्या पट्ट्यातली सगळी मिसळून त्यातली 200-250 ग्रॅम घ्या, जाडजूड निवडून नव्हे. बारीक मुळांत आणि जाड मुळांत द्रव्याचं प्रमाण सारखं नसतं. पाकिटावर जात, पेरणीची तारीख, काढणीची तारीख आणि शेवटच्या पाण्याची तारीख लिहा. शेवटची तारीख लिहायला लोक विसरतात, आणि तिच्याविना अहवालावरून ताणाबद्दल काही ठरवता येत नाही.